फॅक्सवाला ऑल-इन-वन घेताय? आधी भिंतीतली फोनची तार बघा

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मागच्या उन्हाळ्यात वर आले ते हातात चिठ्ठी घेऊनच. अमेरिकेतल्या मुलानं फोनवर सांगितलेलं त्यांनी उतरवून घेतलं होतं : ‘ऑल-इन-वन. वायफाय. फॅक्स पाहिजेच.’ फॅक्सखाली दोन रेघा ओढलेल्या.

“अगं, तुझ्याकडे दिवसभर प्रिंटर खडखडत असतो. कुठला घ्यायचा ते तूच सांग,” काका म्हणाले.

“काका, आधी तुमचा लँडलाइन कुठंय तो दाखवा.”

मी विषय बदलतेय असं त्यांना वाटलं. पण फॅक्सवाल्या ऑल-इन-वनची, म्हणजे छपाई, स्कॅन आणि कॉपी एकाच मशीनमध्ये करणाऱ्या प्रिंटरची, खरेदी तिथूनच सुरू होते. मी घरून जीएसटी आणि आयकराच्या रिटर्नची कामं करते, सध्याचा माझा चौथा प्रिंटर आहे, आणि पहिल्या तिन्हींत मी कुठं ना कुठं फसले आहे. त्यामुळे पहिल्यांदाच घरच्या कॉम्प्युटरसाठी असं मशीन घेणाऱ्याला मी ज्या क्रमानं प्रश्न विचारते, त्याच क्रमानं हे लिहिते आहे. किंमत आणि कंपनी शेवटी येते.

१. फॅक्स पाठवायचा कुणाला?

‘असलेला बरा’ हे उत्तर चालणार नाही. ज्याला पाठवायचा त्याचा फॅक्स नंबर कागदावर लिहून दाखवता आला पाहिजे. आपल्याकडे सरकारी पत्रांच्या माथ्यावर अजून फॅक्स क्रमांक छापलेले दिसतात, पण पलीकडे मशीन चालू आहे का हे त्या कार्यालयात फोन करून विचारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक ठिकाणी “मेल करा” किंवा “व्हॉट्सअॅपवर टाका” असंच ऐकू येतं.

परदेशाशी कागदपत्रं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिकेत दवाखाने, औषधांची दुकानं, विमा कंपन्या यांचा बराच व्यवहार आजही फॅक्सवर चालतो. जपान आणि जर्मनीतही फॅक्स सहजासहजी गेलेला नाही. काकांचं प्रकरण असंच होतं. आदल्या वर्षी तिकडे गेले असताना काकूंना दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं आणि आता तिथल्या बिलाच्या विभागाला सही केलेले फॉर्म हवे होते, तेही फॅक्सनेच. म्हणजे गरज खरी होती.

वर्षातून एक-दोनदाच फॅक्स करायचा असेल तर त्यासाठी मशीन घेऊ नका. इंटरनेटवरून फॅक्स पाठवणाऱ्या सेवा असतात : तुम्ही पीडीएफ चढवता, पलीकडच्या मशीनमधून कागद बाहेर येतो. अडचण एवढीच, की तुमचा कागद मध्ये तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जातो. आधार, पॅन, वैद्यकीय कागद असे पाठवायचे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

२. तार तांब्याची की फायबरची?

फॅक्स म्हणजे आवाज. मशीन कागदावरचा काळा-पांढरा भाग वाचतं, त्याचे सूर करून फोनच्या तारेवरून पाठवतं आणि पलीकडचं मशीन ते सूर ऐकून पुन्हा कागदावर उतरवतं. (ही कल्पना टेलिफोनहून जुनी आहे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश गृहस्थाचं पेटंट १८४३ चं, टेलिफोनचं १८७६ चं.) जुन्या तांब्याच्या तारेवर हे सूर जसेच्या तसे पोचतात. फायबरवर फोनचा आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून, म्हणजे छोट्या तुकड्यांतून जातो, आणि एखादं पाकीट उशिरा आलं किंवा हरवलं तर माणसाच्या कानाला ते कळतही नाही, फॅक्सचं मात्र बोलणंच तुटतं.

आता तुमच्या घरी बघा. फोनची वायर थेट भिंतीतल्या छोट्या डबीत जात असेल आणि वीज गेल्यावरही रिसिव्हर उचलल्यावर डायल टोन येत असेल, तर लाइन बहुधा तांब्याची आहे. वायर इंटरनेटच्या राउटरच्या मागे खोचलेली असेल आणि राउटर बंद झाल्यावर फोनही मुका होत असेल, तर फायबर. तारा बदलत चालल्या आहेत, त्यामुळे नंबर वीस वर्षांपूर्वीचाच असला तरी लाइन जुनीच असेल असं धरून चालू नका. काकांचं तेच झालं होतं. नंबर १९९८ सालचा, वायर मात्र टीव्हीच्या मागच्या पांढऱ्या राउटरमध्ये.

फायबरवर फॅक्स अजिबात जात नाही असं नाही, पण भरवसा नाही. तुमच्या फोन कंपनीला एकच प्रश्न विचारा : या लाइनवर फॅक्स चालतो का, आणि टी.३८ ही सोय आहे का? टी.३८ हा इंटरनेटवरून फॅक्स नेण्यासाठीच केलेला मानक प्रकार आहे. पलीकडच्या माणसाला प्रश्न कळलाच नाही, तर उत्तर ‘नाही’ असं समजा. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या टेबलफोनवरून तर फॅक्सच्या वाटेला जाऊच नका.

आणि परदेशी पाठवायचा असेल तर लाइनवर आयएसडी सुरू आहे का तेही याच फोनमध्ये विचारून घ्या. ते पुष्कळदा बंद असतं.

३. महिन्याला पानं किती?

अंदाज सांगू नका, मोजा. मागच्या तीन महिन्यांत झेरॉक्सवाल्याकडे किती प्रिंट काढल्या ते आठवा. महिन्याला दहा पानंसुद्धा होत नसतील तर माझा प्रामाणिक सल्ला : प्रिंटर घेऊ नका, कोपऱ्यावरचं दुकान बरं. न वापरलेला शाईचा प्रिंटर हा घरातल्या न चालवलेल्या स्कूटरसारखा असतो, हवा तेव्हा सुरू होत नाही.

समजा महिन्याला ६० पानं आहेत, म्हणजे वर्षाला ७२०. सर्वांत स्वस्त प्रिंटरमध्ये छोटी कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी असते. तिच्यात दीडशे पानं निघतात आणि ती ९०० रुपयांना मिळते असं धरा. पान पडलं सहा रुपयांना, वर्षाचे झाले ४,३२० रुपये. म्हणजे प्रिंटरची किंमत वर्षभरात शाईतच गेली. आता टाकीचा प्रिंटर घ्या, ज्यात बाटलीतून शाई ओततात. बाटली ५०० रुपयांची आणि तिच्यात चार हजार पानं धरली, तर पानाला साडेबारा पैसे. हेड (शाई फवारणारा भाग) साफ करताना शाई वाया जाते, जास्त शाई खाणारी भरगच्च पानं असतात, म्हणून हे दुप्पट केलं तरी चार आणे. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. तुम्ही ज्या मॉडेलकडे बघताय त्याच्या कार्ट्रिजची किंवा बाटलीची किंमत आणि खोक्यावर लिहिलेली पानं घ्या आणि स्वतः भागाकार करा. दुकानदार हा भागाकार आपणहून करून दाखवत नाही.

खोक्यावरची ती पानं आयएसओच्या ठरलेल्या चाचणी-पानांवरून मोजलेली असतात. आणखी एक : लेझर प्रिंटरबरोबर येणारं पहिलं टोनर (म्हणजे शाईऐवजी वापरायची सुकी पूड) बऱ्याचदा अर्धवट भरलेलं असतं. ‘आत्ताच घेतला आणि टोनर संपलंही’ ही तक्रार तिथून येते.

४. शाई की टोनर?

इथं बहुतेकजण चुकतात, कारण सगळीकडे टाकीवाल्यांचीच जाहिरात. टाकीचा प्रिंटर चांगलाच आहे : रंगीत निघतं, शाई स्वस्त, वीज नगण्य खातो. पण त्याला वापर लागतो. आठवड्याला एक तरी रंगीत पान काढलं नाही तर शाई हेडच्या बारीक छिद्रांत सुकते, मग प्रिंटवर आडव्या पांढऱ्या रेघा. साफ करायची आज्ञा दिली की शाई खर्च होते, ती शाई आतल्या स्पंजमध्ये साठते, आणि तो भरला की मशीन संप पुकारतं. घेताना विचारा : हा पॅड किंवा डबा मला घरी बदलता येतो का? नव्या बऱ्याच मॉडेलांत येतो. जुन्यात सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं.

लेझरमध्ये सुकी पूड असते. पाच महिने बंद ठेवा, परत आल्यावर पहिलं पान नीट निघेल. काका-काकू दरवर्षी चार-पाच महिने मुलाकडे असतात. ही गोष्ट त्यांच्या चिठ्ठीत नव्हती, मुलानंही विचारात घेतली नव्हती, आणि निवड मात्र तिथंच झाली : काळा-पांढरा लेझर. रंगीत फोटो वर्षातून चारदा लागतात, ते दुकानातून काढून आणता येतात.

लेझरची खोट विजेत आहे. पूड कागदावर चिकटवायला आतला रूळ साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि त्या क्षणी मशीन काही शे वॉट ओढतं. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. त्याला लेझर लावला की यूपीएस किंचाळतो आणि कॉम्प्युटरसकट बंद पडतो. (माझ्या दुसऱ्या प्रिंटरनं रिटर्नच्या शेवटच्या दिवशी हे करून दाखवलंय.) लेझर नेहमी भिंतीतल्या सॉकेटला. जिथं रोज भारनियमन आहे आणि इन्व्हर्टरवरच काम उरकायचं आहे, तिथं टाकीचा प्रिंटर बरा, तो दहा-वीस वॉटमध्ये भागवतो.

शाई घ्यायची ठरली तर आणखी एक तपासणी. काही प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) असते, काहींची डायची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची). दुकानात काळी प्रिंट काढायला लावा, दोन मिनिटं थांबा आणि ओलं बोट अक्षरांवरून फिरवा. डायची असेल तर अक्षरं लगेच पसरतात. करारनामे, अर्ज, पावसातून न्यायचे कागद छापणाऱ्यानं पिगमेंटची काळीच घ्यावी. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.

टोनर रिफिलबद्दल : जुन्या एचपी लेझरची १२ए आणि ८८ए ही कार्ट्रिजं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत कुठंही भरून मिळतात. नव्या मशीनमध्ये मात्र कार्ट्रिजवर चिप असते आणि काही मॉडेलं इंटरनेटवरून स्वतःला अपडेट करून भरलेली कार्ट्रिज नाकारतात. तुमच्या गावातल्या रिफिलवाल्याला मॉडेलचं नाव सांगा आणि विचारा. तो ‘हो, भरतो’ म्हणाला तर घ्या. या बाबतीत त्याचं मत कुठल्याही व्हिडिओपेक्षा खात्रीचं.

५. काच, फीडर आणि आपले लांब कागद

ऑल-इन-वनमधला सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी विचार करून घेतला जाणारा भाग म्हणजे स्कॅनर. घरातला कागद कॉम्प्युटरवर चढवायचा असतो, छापायचा त्यामानानं कमी.

घरगुती मशीनची काच बहुधा ए-४ मापाची असते, २९७ मिलिमीटर लांब. आपला करारनाम्याचा हिरवा लेजर पेपर आणि स्टॅम्प पेपर लीगल मापाचे, म्हणजे ३५६ मिलिमीटर. फरक जवळजवळ सहा सेंटिमीटरांचा. आणि भाडेकराराचं एखादं पान डोळ्यांसमोर आणा : त्या खालच्या सहा सेंटिमीटरांत काय असतं? दोन्ही बाजूंच्या सह्या, साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. मी पहिल्या प्रिंटरवर अख्खा करार स्कॅन करून बँकेला पाठवला होता. बँकेतल्या बाईंनी फोन करून विचारलं, “मॅडम, सह्या केल्याच नाहीत का?”

सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२० पासून ए-४ कागद स्वीकारला आहे, तरी घरोघरीच्या फायलींतले जुने लांब कागद काही आखूड होणार नाहीत. त्यांच्यासाठी वर फीडर हवा. फीडर म्हणजे झाकणावरचा तो ट्रे, ज्यात पानांची गड्डी ठेवली की मशीन एकेक पान आपण होऊन ओढतं. काच ए-४ असली तरी फीडर बहुधा लीगल कागद घेतो. तपशिलात ‘एडीएफ’ असं लिहिलेलं असतं, आणि पुढं किती पानांचा आणि जास्तीत जास्त लांबी किती हे दिलेलं असतं. ते वाचाच.

आता फॅक्सशी याचा संबंध. घरगुती मॉडेलांत फॅक्स आणि फीडर बरेचदा जोडीनं येतात, कारण फॅक्स करायचा तर दहा पानं एकामागून एक आत जायला हवीत. त्यामुळे मी लोकांना सांगते : जास्तीचे पैसे फीडरसाठी द्या, फॅक्स बरोबर आला तर येऊ दे. काकांच्या मशीनचंही गणित हेच होतं. तार फायबरची म्हणून फॅक्सवर भिस्त ठेवायची नाही, पण काकांकडे एलआयसीच्या, घराच्या, पेन्शनच्या मिळून अकरा फायली होत्या.

फीडरचे दोन प्रकार असतात. साधा फीडर एकच बाजू वाचतो, महाग असलेला पाठपोट वाचतो. छपाई पाठपोट होते म्हणजे स्कॅनही पाठपोट होतो असं नाही, खोक्यावर ‘ड्युप्लेक्स’ हा शब्द कशाच्या पुढं लिहिलाय ते बघा. फीडरमध्ये पिना, यू-क्लिपा, चिकटपट्टी लावलेले कागद घालायचे नाहीत. आजोबांच्या वेळची पिवळी पडलेली खरेदीखतं, घडीवर फाटलेले सातबारा, हे कधीही फीडरमध्ये नाही. ते काचेवर, दोन तुकड्यांत स्कॅन करावे लागले तरी चालेल. फीडरचा रूळ असा कागद मध्येच धरून दुमडतो आणि मग तो परत मिळवता येत नाही.

डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके) आकड्यांना भुलू नका. कागदपत्रांना ३०० पुरे. सरकारी पोर्टलवर फाइल मोठी म्हणून नाकारली जाते तेव्हा १५० किंवा २०० वर, रंगीतऐवजी ग्रेस्केलमध्ये पुन्हा स्कॅन करा, आकार चटकन उतरतो. आणि स्कॅन केलेल्या मराठी कागदातून शब्द शोधायचे असतील तर प्रिंटरबरोबर येणारं सॉफ्टवेअर देवनागरी वाचेलच असं नाही. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल टाकून डॉक्समध्ये उघडली की छापील मराठी बऱ्यापैकी वाचली जाते.

६. नावाच्या शेवटची अक्षरं

मॉडेलचं नाव म्हणजे गूढ मंत्र वाटतो, पण त्यात माहिती असते. एचपीच्या लेझरमध्ये शेवटी ‘एफ’ असेल तर फॅक्स, ‘डी’ म्हणजे पाठपोट छपाई, ‘एन’ म्हणजे नेटवर्कची वायर, ‘डब्ल्यू’ म्हणजे वायफाय. ‘एफडीडब्ल्यू’ दिसलं की फॅक्स, पाठपोट आणि वायफाय तिन्ही आहे. ब्रदरमध्ये डीसीपीनं सुरू होणाऱ्यात फॅक्स नसतो, एमएफसीवाल्यात साधारणपणे असतो. एप्सन आणि कॅननमध्ये नावावरून सांगणं कठीण, तिथं कंपनीच्या संकेतस्थळावरचं तपशिलाचं पान उघडा.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय : मशीनची पाठ बघा. फोनची बारीक पिन जाईल अशी दोन सॉकेट असतील, एकावर ‘लाइन’ आणि दुसऱ्यावर ‘एक्स्ट’ लिहिलेलं, तर फॅक्स आहे. ऑनलाइन दुकानात ‘ऑल-इन-वन’ म्हणजे बहुतेकदा नुसतं प्रिंट-स्कॅन-कॉपी असतं, फॅक्स त्यात धरलेला नसतो. मोठ्या अक्षरांतल्या नावावर विसंबून घेतलेलं मशीन मी दोघांकडे पाहिलं आहे.

७. वायफाय

यावर फार लिहिण्यासारखं नाही. स्वस्त प्रिंटर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. तुमचा राउटर ५ वर असेल किंवा दोन्ही एकाच नावानं देत असेल तर पहिल्या दिवशी डोकेदुखी होते, तेव्हा राउटरमध्ये दोन्हीची नावं वेगळी करा. आयफोनवाल्यांनी एअरप्रिंट आणि अँड्रॉइडवाल्यांनी मोप्रिया हे शब्द खोक्यावर शोधावेत, मग फोनवरून छापायला वेगळं अॅप लागत नाही. एवढं करूनही प्रिंटर मधूनमधून सापडेनासा होतो. यूएसबीची वायर दहा मिनिटांत लागते आणि रुसत नाही. अंतर फार नसेल तर मी तीच लावते.

८. दुकानात

कॅटलॉग न बघता मशीन चालू करून मागा. फीडरमध्ये तुमच्या घरचे पाच-सहा कागद घाला, एखादा लीगल मापाचा असू द्या. दोन पानं एकदम ओढली जातात का, तिरकं जातं का, ते बघा. गॅरंटीत ‘एक वर्ष किंवा अमुक पानं, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, आणि माणूस घरी येणार की मशीन तुम्ही उचलून न्यायचं हेही. तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर नसेल तर घरी येणाऱ्या सेवेला किंमत आहे. वीस किलोमीटरवर टाकीचा प्रिंटर रिक्षातून तिरका नेला तर शाई सीटवर सांडते, आणि रिक्षावाला ती विसरत नाही.

घरून धंदा करत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिल त्या नंबरावर घ्या. प्रिंटरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याचं क्रेडिट मिळतं. नंतर “साहेब, बिलावर नंबर टाकून द्या” म्हणत फेऱ्या मारणारे माझे अशील कमी नाहीत.

एकदा टाकीत शाई ओतली की मशीन परत करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून शाई भरण्याआधी खोक्यातलं सगळं सामान आणि काचेवर चरा नाही ना, एवढं नक्की बघा.

९. घरी आणल्यावर

जागा सपाट, खिडकीपासून लांब. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि दोन-दोन पानं चिकटून आत जातात, कोकणात तर फारच. रीम फोडली की उरलेली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, ट्रेमध्ये जूनमध्ये भरलेला कागद ऑगस्टपर्यंत ठेवू नका. शाईचा प्रिंटर बंद करताना आधी त्याचं स्वतःचं बटण दाबा, घरघर थांबू द्या, मग भिंतीवरचं. थेट भिंतीवरून बंद केला तर हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसत नाही आणि उघड्यावर सुकतं.

फॅक्स जोडायचा असा. भिंतीतून किंवा राउटरमधून आलेली फोनची वायर प्रिंटरच्या ‘लाइन’ या सॉकेटमध्ये, आणि टेबलावरचा फोन ‘एक्स्ट’ मध्ये. उलटं केलं तर काहीच चालत नाही, आणि पहिल्यांदा सगळे उलटंच करतात. तांब्याच्या तारेवरच ब्रॉडबँड असेल तर मध्ये फिल्टरची छोटी डबी लागते, नाहीतर फॅक्सच्या सुरांत इंटरनेटची खरखर मिसळते. मग मेनूमध्ये देश भारत, तारीख-वेळ, आणि पानाच्या माथ्यावर छापलं जाणारं तुमचं नाव आणि नंबर. घरात एकच लाइन असेल तर आपोआप उचलण्याची सोय बंद ठेवा. नाहीतर मावशीचा फोन येतो आणि प्रिंटर तिच्या कानात शिट्टी वाजवतो. शेवटी मेनूतली लाइन तपासणीची चाचणी चालवा.

काकांच्या घरी चाचणी पास झाली. पहिला फॅक्स गेला नाही, कारण मी वर लिहिलेला आयएसडीचा प्रश्न विचारायचा काकाच विसरले होते. दोन दिवसांनी ते सुरू झालं. ००१ लावून नंबर फिरवला, पलीकडून ती ओळखीची शीळ ऐकू आली, दुसरं पान अर्धं गेलं आणि लाइन तुटली. फायबर. मग मेनूत जाऊन वेग ३३,६०० वरून ९,६०० वर आणला, चूक सुधारण्याची ‘ईसीएम’ नावाची सोय बंद केली (ती बंद असली की थोडीफार खराबी पोटात घालून पान पुढं जातं), आणि दर्जा ‘फाइन’ वर ठेवला, कारण साध्या दर्जात फॉर्ममधली बारीक अक्षरं पुसट जातात. तिसऱ्या खेपेला चारही पानं गेली. सहा मिनिटं लागली, तोवर काकू जेवायला बोलावत होत्या आणि काका जागचे हलायला तयार नव्हते.

शेवटी मशीन एक छोटा अहवाल छापतं : नंबर, वेळ, किती पानं, आणि ‘ओके’. हा अहवाल दरवेळी छापला जाईल असं मेनूत लावून ठेवा आणि पाठवलेल्या मूळ कागदाला टाचून फायलीत घाला. दहा दिवसांनी तिकडून “फॉर्म मिळालाच नाही” असा मेल आला, तेव्हा काकांनी तोच अहवाल स्कॅन करून पाठवला. फीडरमधून, एका मिनिटात.